पुण्यातलं एटीएम, मुंबईतलं वॉलेट आणि मोर्शीतलं बँक खातं : क्रिप्टोचा देशाच्या सुरक्षेशी नेमका संबंध काय?

मोर्शी म्हटलं की आधी संत्रा आठवतो. आंबिया बहराचा माल तोडणीला यायच्या आधीच व्यापारी बगीचे बघून जातात, सौदा ठरतो, इसार हातात पडतो आणि व्यापाऱ्याच्या वहीत एक ओळ चढते. पुढे भाव पडला किंवा फळगळ झाली की त्याच ओळीवरून वाद सुरू होतो. कारण वही एकाकडेच असते. त्यात काय लिहिलंय, नंतर काय खोडलंय, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नसतो.

ही वही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता दुसरं चित्र बघा. टेलिग्रामवर एक मेसेज फिरतो. 'सेव्हिंग किंवा करंट खातं पाहिजे. रोजचं कमिशन. काम काहीच नाही.' असे मेसेज देशभर फिरतात आणि तालुक्याच्या गावातल्या, डिग्री घेऊन घरी बसलेल्या पोरांपर्यंत बरोबर पोहोचतात. खातं दिलं की त्यात कुणाचे तरी पैसे येतात, काही मिनिटांत निघून जातात आणि बहुतेक वेळा त्यांची क्रिप्टोकरन्सी होते. तिथून पुढे ते देशाबाहेर.

हा साधा सायबर गुन्हा वाटतो. पण पैसा पळवायचा हाच रस्ता एका देशाचं सरकारही वापरतं, आणि तो पैसा अणुबॉम्ब आणि क्षेपणास्त्रांवर खर्च होतो असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. म्हणून क्रिप्टोचा विषय आता फक्त 'बिटकॉइन वर गेलं की खाली आलं' एवढा राहिलेला नाही.

तर हा सगळा मॅटर काय आहे, ते महाराष्ट्रात घडलेल्या प्रकरणांवरूनच समजून घेऊ.

सुरुवात पुण्यापासून : कॉसमॉस बँक, २०१८

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत हॅकर्सनी आधीच मालवेअर घुसवलं होतं. आपण एटीएममध्ये कार्ड टाकतो तेव्हा 'या खात्यात पैसे आहेत का, द्यायचे का' अशी विचारणा बँकेकडे जाते. हॅकर्सनी मध्येच स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. विचारणा खऱ्या बँकेपर्यंत पोहोचायचीच नाही, आणि खोटी यंत्रणा प्रत्येक वेळी 'द्या' म्हणायची.

मग काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि जवळपास ७८ कोटी रुपये निघाले. भारतात कोल्हापूरसह काही शहरांतल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४.४२ कोटी.

पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाच्या सायबर हल्ल्यांचा हिशोब मांडला, तेव्हा त्या यादीत पुण्याच्या या सहकारी बँकेचंही नाव होतं.

या चोरीत एक गोष्ट ठळक आहे. हॅकिंग कुठूनही झालं असलं तरी पैसे काढायला माणसं लागली. नकली कार्डं बनवावी लागली, ती वेगवेगळ्या देशांत पोहोचवावी लागली आणि प्रत्येक एटीएमसमोर कुणीतरी उभं करावं लागलं. एटीएमवर कॅमेरा असतो. म्हणूनच भारतात पैसे काढणारे सापडले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ज्यांनी हल्ला आखला, ते मात्र हाती लागले नाहीत.

मग मुंबई : वझीरएक्स, २०२४

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईतल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली. त्या वेळच्या भावाने जवळपास २,००० कोटी रुपये. कॉसमॉसच्या वीस पटींहून जास्त. आणि या वेळी एटीएमसमोर एकही माणूस उभा नव्हता.

हे वॉलेट तसं साधंसुधं नव्हतं. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात तसं इथे एका व्यवहाराला अनेकांच्या डिजिटल सह्या लागायच्या. काही वझीरएक्सच्या लोकांच्या आणि एक वॉलेटची सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपनीची. तरीही चोरी झाली. वझीरएक्सचं म्हणणं असं, की सह्या करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच व्यवहारावर होत होती. चूक कुणाच्या बाजूने झाली यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

सामान्य ग्राहकाला यातलं एवढंच कळलं, की ॲप उघडतंय पण पैसे निघत नाहीत. प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. म्हणजे सव्वा वर्ष लोकांचे पैसे अडकून होते.

१४ जानेवारी २०२५ ला अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढलं. वझीरएक्सची चोरी उत्तर कोरियाने केली, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच, २१ फेब्रुवारी २०२५ ला, दुबईच्या बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले. आजवरच्या सगळ्यात मोठ्या क्रिप्टो चोऱ्यांपैकी ही एक. एफबीआयने त्यातही उत्तर कोरियाचंच नाव घेतलं. तिथली पद्धतही ओळखीची होती. सही करणाऱ्याला दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावर.

पण उत्तर कोरियाला क्रिप्टोच का लागते?

कारण सरळ आहे. अणुचाचण्यांमुळे उत्तर कोरियावर कडक आर्थिक निर्बंध आहेत. कोळसा विकता येत नाही, परदेशी बँकांत खाती चालत नाहीत. डॉलर हवे असतील तर बँकिंगच्या बाहेरचा रस्ता लागतो, आणि क्रिप्टोला मधली बँक लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या मार्च २०२४ च्या अहवालानुसार, २०१७ ते २०२३ या काळात क्रिप्टो कंपन्यांवर झालेल्या ५८ संशयित हल्ल्यांमधून उत्तर कोरियाने सुमारे ३०० कोटी डॉलर मिळवले. हा पैसा शस्त्रांच्या कार्यक्रमाला जातो, असंही त्या अहवालात आहे. त्याच महिन्यात रशियाने नकाराधिकार वापरला आणि ही समितीच बंद पडली.

म्हणजे मुंबईत, पुण्यात किंवा मोर्शीत बसून कुणी वझीरएक्सवर पाच हजारांची क्रिप्टो घेतली असेल, तर त्यातला काही भाग कुणाच्या तरी क्षेपणास्त्राच्या खर्चात गेला असण्याची शक्यता आहे. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आपल्या मोबाइलपर्यंत येतो, तो असा.

आता ती वही आठवा

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग क्रिप्टो म्हणजे चोरांचीच सोय. पण गोष्टीला दुसरी बाजू आहे.

समजा मोर्शीतल्या संत्र्याच्या प्रत्येक सौद्याची ओळ एकाच वहीत चढते आणि त्या वहीची प्रत गावात प्रत्येकाच्या घरी आहे. नवी ओळ चढली की सगळ्यांच्या प्रतीत चढते. जुनी ओळ कुणाला खोडता येत नाही. फक्त नावांच्या जागी नंबर आहेत. 'अमुक शेतकऱ्याने तमुक व्यापाऱ्याकडून इसार घेतला' याऐवजी '४७१ ने ९०२ कडून घेतला' असं लिहिलेलं.

ब्लॉकचेन म्हणजे साधारण हीच वही. बिटकॉइन किंवा इथेरियमवरचा प्रत्येक व्यवहार कायमचा आणि सगळ्यांना दिसेल असा नोंदला जातो. ४७१ म्हणजे कोण हे एकदा कळलं, की त्याचे मागचे पुढचे सगळे सौदे उघडे पडतात. रोख पैशाचं असं नसतं. कॉसमॉसचे नोटांमध्ये निघालेले पैसे पुढे कुठे गेले हे नोटा सांगत नाहीत. वझीरएक्सची क्रिप्टो कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर गेली, हे मात्र जगभरातले तपासनीस घरी बसून बघत होते.

याचा फायदा झाल्याचं उदाहरणही आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. देशाच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी पाइपलाइन बंद पडली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली. महिनाभरातच अमेरिकी तपास यंत्रणांनी वहीतल्या ओळी धरत त्यातले ६३.७ बिटकॉइन परत मिळवले. तीच खंडणी रोख दिली असती तर परत मिळणं अवघडच होतं.

चोरही काही गप्प बसत नाहीत. वझीरएक्सची क्रिप्टो टोर्नेडो कॅश नावाच्या 'मिक्सर'मधून फिरवली गेली. मिक्सर म्हणजे दहा शेतकऱ्यांचा माल एकाच ढिगात ओतायचा आणि मग परत वाटायचा, कुठलं फळ कुणाच्या बगीच्यातलं ते ओळखूच येऊ नये म्हणून. शिवाय एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या जातात. यूएसडीटीसारखं नाणं काढणारी कंपनी ते गोठवू शकते, म्हणून चोर ते हातात फार वेळ ठेवत नाहीत, लगेच बदलून घेतात. थोडक्यात, वही सगळ्यांना दिसते, पण ती वेळेत वाचता आली तरच उपयोग.

बिटकॉइन देशाची ढाल होऊ शकतं का?

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत सोशल मीडियावर बराच गाजला. त्याचं मूळ आहे अमेरिकेच्या स्पेस फोर्समधले अधिकारी जेसन लॉवेरी यांच्या एमआयटीतल्या प्रबंधात. २०२३ मध्ये तो 'सॉफ्टवॉर' या नावाने पुस्तकरूपात आला.

त्यांचा मुद्दा असा. इंटरनेटवर हल्ला करायला जवळपास काहीच खर्च येत नाही. एक माणूस घरी बसून लाखो खोटे मेसेज सोडू शकतो. बिटकॉइनमध्ये मात्र वहीत नवी ओळ चढवायची तर प्रचंड वीज जाळून एक गणिती कोडं सोडवावं लागतं. असाच खर्च प्रत्येक डिजिटल आदेशावर लावला तर हल्ला महाग होईल आणि हल्लेखोर थांबेल. ही कल्पना अगदी नवीही नाही. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी स्पॅम ईमेल रोखायला 'हॅशकॅश' सुचवलं होतं, ते याच तत्त्वावर. एखादा ईमेल पाठवणाऱ्याला त्याचा त्रास नाही, दहा लाख पाठवणाऱ्याला आहे.

ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याकडच्या प्रकरणांवर ही कल्पना तपासून बघा. वझीरएक्समध्ये ब्लॉकचेन कुणी तोडली नाही. सही करणाऱ्या माणसांना फसवलं गेलं. कॉसमॉसमध्ये बँकेच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले, ग्राहकांच्या नव्हे तर कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून. तिथेही पोलिसांचा तपास एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचला. फावल्या वेळच्या कामाच्या निमित्ताने त्यात मालवेअर शिरल्याचा संशय होता. कुलूप कितीही मजबूत असो, चावी असलेल्या माणसालाच गंडवलं की कुलपाचा उपयोग उरत नाही.

आणखी एक उदाहरण न्हावाशेव्याचं. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या मालवेअरमुळे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. संगणकांच्या स्क्रीनवर ३०० डॉलरचे बिटकॉइन मागणारा मेसेज होता. पण ही खंडणी नावापुरतीच होती. पैसे भरूनही फाइल्स परत मिळतील अशी सोयच त्यात नव्हती. युक्रेनला लक्ष्य करून सोडलेला हा हल्ला जगभर पसरला होता आणि पुढच्या वर्षी अमेरिका आणि ब्रिटनने त्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरलं. तिथे बिटकॉइन ढालही नव्हतं आणि खऱ्या अर्थाने खंडणीही नव्हतं. तो हल्लेखोराने घातलेला मुखवटा होता.

मग संरक्षणात क्रिप्टोचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण ढाल म्हणून नाही, पैसा म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर युक्रेन सरकारने ट्विटरवर थेट वॉलेटचे पत्ते टाकले आणि जगभरातून कोट्यवधी डॉलरची क्रिप्टो गोळा केली. त्यातून बुलेटप्रूफ जॅकेट आणि औषधांसारख्या वस्तू घेतल्या. अमेरिकेने ६ मार्च २०२५ च्या आदेशाने गुन्ह्यांत जप्त केलेल्या बिटकॉइनचा राखीव साठा करायचं ठरवलं. म्हणजे मित्राला मदत पाठवायचा आणि शत्रूला पैसे पळवायचा रस्ता एकच आहे. रस्ता कुणाच्याच बाजूचा नसतो. त्यावर नाका कुणाचा आणि तिथला शिपाई जागा आहे का, एवढाच प्रश्न असतो.

भारताने नाके बसवलेत का?

काही बसवलेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने नियम काढला, की सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवा. क्रिप्टो कंपन्यांनी ग्राहकांची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या, हेही त्यातच आलं. त्याच वर्षी क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस लागू झाला. टीडीएसवर गुंतवणूकदार चिडले, पण सरकारच्या दृष्टीने त्यातून प्रत्येक व्यवहाराची खूण राहते.

७ मार्च २०२३ ला क्रिप्टो व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. एक्स्चेंजना एफआययू या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणेकडे नोंदणी करून संशयास्पद व्यवहार कळवणं भाग पडलं. नोंदणी न करता भारतात धंदा करणाऱ्या बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. पुढे बायनान्सला १८.८२ कोटींचा दंडही झाला.

पण क्रिप्टोसाठी स्वतंत्र, पूर्ण कायदा अजून नाही. आणि त्याहून मोठी अडचण आहे वही वाचणाऱ्या माणसांची. त्यासाठी पुन्हा पुण्यातच यावं लागतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी गेनबिटकॉइन घोटाळ्यात अटका केल्या. महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष दाखवून हजारो लोकांकडून बिटकॉइन गोळा केल्याचं हे प्रकरण. पोलिसांना या विषयाची माहिती कमी, म्हणून बाहेरच्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या तज्ज्ञांनाच अटक केली. तपासात हाती आलेली क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप होता. त्यातला एक तर माजी आयपीएस अधिकारी. पुढे देशभरातल्या तक्रारी सीबीआयकडे गेल्या.

वही सगळ्यांसाठी उघडी असून उपयोग काय, जर ती वाचायला भाड्याचा माणूस आणावा लागत असेल? विमानं आणि रणगाड्यांइतकीच ही माणसं तयार करणंही आता संरक्षणाचा भाग आहे. दिल्ली-मुंबईत तर हवीतच, पण जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यातही हवीत. कारण तक्रार करायला लोक पहिल्यांदा तिथेच जातात.

आणि यात मोर्शीचा काय रोल?

क्रिप्टोची चोरी कितीही लांबून झाली, तरी भारतातल्या रुपयांची क्रिप्टो करायला एक गोष्ट लागतेच. भारतीय माणसाच्या नावावरचं, केवायसी झालेलं बँक खातं. २०२४ मध्ये सायबर गुन्हेगारांनी भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये लुटल्याची आकडेवारी केंद्र सरकारने लोकसभेत दिली. असा पैसा पळवताना तो आधी कुणाच्या तरी खात्यात उतरतो. या खात्यांना 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ आपली.

कॉसमॉसच्या वेळी एटीएमसमोर उभा असलेला माणूस, तोच आज खातं भाड्याने देणारा पोरगा आहे. फरक एवढाच की त्याला उभंही राहावं लागत नाही. पण पकडला आजही तोच जातो. कारण संपूर्ण साखळीत खरं नाव, आधार आणि पॅन फक्त त्याचंच असतं.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, खातं, एटीएम कार्ड, सिम किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कमिशनवर कुणालाही देऊ नका. ओळखीच्या भावाने मागितला तरी नाही. 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर चौकशी थांबत नाही.

दुसरी, यूएसडीटी थेट एकमेकांना विकायचे व्यवहार, म्हणजे पी-टू-पी, करताना समोरचा बाजारभावापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार असेल तर तिथेच थांबा. तुमच्या खात्यात आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असू शकतात. तसं निघालं तर खातं गोठतं. मग ऐन हंगामात संत्र्याचे पैसे त्याच खात्यात आले, तरी काढता येत नाहीत.

तिसरी, क्रिप्टो घ्यायचीच असेल तर एक्स्चेंज एफआययूकडे नोंदलेलं आहे का ते बघा. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे, हे वझीरएक्सच्या ग्राहकांनी अनुभवलंय.

चौथी, फसवणूक झाली तर लाज बाळगू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसा रुपयांत आणि भारतातल्या खात्यात असेपर्यंत तो थांबवता येतो. एकदा त्याची क्रिप्टो होऊन बाहेर गेली, की तो वहीत दिसत राहतो, पण हाती लागणं फार कठीण होतं.

व्यापाऱ्याच्या वहीत खोटी ओळ चढली तर मोर्शीतला शेतकरी चार लोकांना बोलावून भांडतो, जाब विचारतो. या वहीत तुमच्या नावाची ओळ एकदा चढली तर ती खोडायला कुणीच नसतं. उद्या टेलिग्रामवर 'काम काहीच नाही, फक्त खातं द्या' असा मेसेज आला तर एवढं आठवा, आणि गावच्या ग्रुपवर पुढे पाठवायचंच असेल तर तो मेसेज नको, ही माहिती पाठवा.